आरा मशीनमधल्या सिस्टर

शाळेच्या पाटीवर मी ‘कॉन्व्हेंट’ हा शब्द रंगवून घेतला तेव्हा त्याचा अर्थ मला माहीत नव्हता. वऱ्हाडात तो फारसा कोणाला माहीत नसतो आणि त्यावाचून कोणाचं काही अडतही नाही. इंग्रजी शाळा म्हणजे कॉन्व्हेंट. देवाच्या नावाचं कॉन्व्हेंट असतं, महाराजांच्या नावाचं असतं, पुढाऱ्याच्या वडलांच्या नावाचं तर गावोगाव असतं. मी आईचं नाव दिलं आणि पुढं कॉन्व्हेंट लावलं. आमच्या पेंटरनं त्या शब्दाचा पत्र्याचा छापच करून ठेवला होता. त्यानं फक्त आईचं नाव विचारून घेतलं.

आमचं घर परतवाड्याचं, धंदा फुलांचा. वडील झेंडू-शेवंती लावायचे, थोरल्या भावानं पुढं भाजीपालाही धरला. मी डी.एड. झालो, नोकरी लागली नाही, तेव्हा बायको म्हणाली, शाळा लागत नसेल तर शाळा काढा. मेळघाटचा सागवान कापणारी एक आरा मशीन बंद पडली होती. तिची टिनाची शेड आम्ही भाड्यानं घेतली. किती झाडलं तरी कोपऱ्यांतून भुसा निघतच राहिला. संध्याकाळी पोरांच्या केसांना सागाचा वास यायचा. आया तक्रार करायच्या नाहीत. वास आला म्हणजे पोरगं खरोखर शाळेत गेलं होतं, एवढी त्यांची खात्री पटायची.

सिस्टर आल्या त्या एस.टी.तून मध्येच उतरून. अमरावतीच्या मोठ्या कॉन्व्हेंट शाळेच्या, खऱ्या कॉन्व्हेंटच्या, त्या नुकत्याच निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. हवापालटाला चिखलदऱ्याला चालल्या होत्या. खिडकीतून आमची पाटी दिसली आणि त्यांनी गाडी थांबवायला लावली. तो कंडक्टर आमच्या ओळखीचा निघाला. नंतर मला म्हणाला, “सर, पांढऱ्या झग्यातली ते म्हतारी मले ‘थांबव बे’ म्हणे. मी घाबरून घंटीच मारली.”

पांढरा झगा, त्याखाली कॅनव्हासचे बूट, हातात पुरुषी काळी छत्री आणि खांद्याला भाजीची पिशवी. दारात उभ्या राहून त्यांनी शेडच्या छपरापासून आमच्या चपलांपर्यंत सगळं पाहून घेतलं.

“इथं सिस्टर कोन-कोन रायते?” त्यांनी विचारलं.

“कोनीच नाही जी,” बायको म्हणाली.

“मंग कॉन्व्हेंट काहून लिवलं? जिथं आमी रायतो त्या घराले कॉन्व्हेंट म्हनते.”

मला घाम फुटला. बायकोला फुटला नाही. ती म्हणाली, “पोट्टे यावं म्हनून लिवलं.”

“आले का?”

“आले.”

“ठीक हाय,” सिस्टर म्हणाल्या आणि पिशवी खाली ठेवून बसल्या. ‘ठीक हाय’ ही त्यांच्याकडची सर्वांत मोठी शाबासकी होती, हे आम्हाला पुढं कळलं.

त्या मूळच्या मंगळूरकडच्या. पण मराठी शिकल्या अमरावतीत, आणि तीही स्वयंपाकघरातल्या बाईकडून आणि फाटकावर भाजी विकणाऱ्या बायांकडून. पुस्तकातली मराठी त्यांच्या वाट्याला आलीच नाही. त्यामुळं साहेब आणि हमाल यांच्यासाठी वेगवेगळं बोलायचं असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ज्याला त्याला ‘तू’. एकदा शिक्षणखात्याचे मोठे अधिकारी आमची शाळा पाहायला आले आणि टिनाकडं बघून जरा हसले. सिस्टरनी विचारलं, “तू काहून हासून राहिला बे?” साहेब पुण्याकडचे होते. त्यांनी हसणं थांबवलं आणि तपासणी इतकी मन लावून केली की आमची शाळा पहिल्यांदाच कोणीतरी नीट पाहिली.

पण पहिल्या दिवसाचं सांगायचं राहिलं. मधली सुट्टी झाली आणि आमची पोरं रांगेनं बाहेर निघाली, डाव्या हाताचं एक बोट टिनाच्या भिंतीला टेकवत, हळूहळू. सिस्टर ताडकन उठल्या.

“हे तुले कोनं शिकवलं?”

मी खरं ते सांगितलं. लहानपणी वडलांबरोबर मी त्यांच्या अमरावतीच्या शाळेत सणाची फुलं पोचवायला जायचो. तिथल्या लांब व्हरांड्यात मुली डावं बोट भिंतीला टेकवत रांगेनं जाताना पाहिल्या होत्या. एकीचाही आवाज नाही. मला वाटलं, इंग्रजीचं जे काही रहस्य आहे ते या बोटात असणार. स्वतःची शाळा निघाली तेव्हा गणवेशाच्या आधी मी ती चाल घेतली.

सिस्टर एका जुन्या सागाच्या ओंडक्यावर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्यांनी सांगितलं. त्यांचा हा सिस्टर लोकांचा संघ ज्या बाईनं काढला तिची पहिली शाळा दूर युरोपात एका तळघरात होती. जिन्यात उजेड नव्हता. पोरं पडू नयेत म्हणून तिनं सांगितलं, भिंतीला बोट लावून चाला. पुढं शाळा मोठी झाली, दिवे आले, एका देशातून दुसऱ्या देशात, समुद्रापार शाळा निघाल्या. जिना तिथंच राहिला आणि चाल जगभर गेली.

“मी आफ्रिकेत होती,” सिस्टर म्हणाल्या. “तिथं शाळा झाडाखाली. भिंत कुठून आनू? पन आमच्या आधीच्या सिस्टरनं नियम लावला होता. मंग पोट्टे हात असा हवेत धरून चाले.” त्यांनी उभं राहून, डावा हात बाजूला करून, बोट पुढं काढून चालून दाखवलं. अख्ख्या परतवाड्याच्या रस्त्याकडं तोंड करून एक म्हातारी नन हवेला बोट लावत चालली होती.

“तुम्ही सांगितलं नाही का, भिंत नसेल तर नको म्हणून?”

“सांगतलं. आयकलं नाही. पोट्ट्यायले मजा ये.”

त्यानंतर त्या दर शनिवारी अमरावतीहून एस.टी.नं यायला लागल्या. कोणी बोलावलं नव्हतं. त्यांच्या मठातून परवानगी घेतली होती, एवढंच त्या म्हणाल्या. आमच्या शिक्षिकांना इंग्रजी बोलायची भीती वाटायची. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत ही भीती जरा गैरसोयीची असते. सिस्टरनी व्याकरणाचं पुस्तक मिटून ठेवलं आणि प्रत्येकीला, आज घरी काय रांधलं ते इंग्रजीत सांगायला लावलं. वांग्याच्या भाजीपर्यंत सगळ्या पोचायच्या, फोडणीत अडायच्या. “मी वऱ्हाडी बोलो तं फाटकावरच्या बाया हासे,” त्या सांगायच्या. “हासू दे म्हटलं. हासल्या अन् मंग चूक सांगतली. फुकटात शिकली मी.”

पेन्सिलींना मात्र त्या कोणालाच टोक करू द्यायच्या नाहीत. शनिवारी आल्याबरोबर सगळ्या वर्गांच्या पेन्सिली गोळा करून ब्लेडनं स्वतः तासायच्या, आणि तेवढ्या वेळात जो येईल त्याला चार शब्द सुनवायच्या.

सव्वीस जानेवारीला मी एकदा इंग्रजीत भाषण केलं. पालकांना कळावं म्हणून सिस्टर शेजारी उभ्या राहून वऱ्हाडीत सांगत होत्या. मी म्हणालो, आमची शाळा तुमच्या मुलांना पंख देईल. त्या म्हणाल्या, “सर म्हनते, तुमच्या पोट्ट्यायले पंख देऊ.” मग मी पुढचं विसरलो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि पालकांना सांगितलं, “आता सरले आठवून नाही राहिलं.” टाळ्या पडल्या, त्या दिवसातल्या सर्वांत मोठ्या. मी रागावलो, तर म्हणाल्या, भाषांतर करणाऱ्यानं आपल्या पदरचं टाकू नये आणि समोरच्याचं काढू नये. तू अडकला ते काढून टाकलं असतं तर मी खोटी ठरली असती.

त्यांचा एक नियम आमच्या ध्यानात यायला बराच काळ गेला. त्या आमच्याकडं जेवायच्या. एकदा बायको वरणात मीठ टाकायला विसरली. सिस्टर मुकाट्यानं जेवल्या. बायको बसली तेव्हा पहिल्या घासाला तिला कळलं. ती म्हणाली, “अवो सिस्टर, मीठ काहून नाही मांगितलं?”

तेव्हा त्यांनी सांगितलं, त्यांच्या संघात स्वतःसाठी काही मागायचं नाही आणि जे सांगितलं जाईल ते नाकारायचं नाही. जेवणाच्या टेबलावरसुद्धा मीठ हवं असेल तर मागायचं नाही. शेजारणीनं आपलं ताट पाहायचं आणि आपण तिचं. दुसरीसाठी मात्र ओरडून मागायचं. बायकोला हे अजिबात पटलं नाही. “मंग शेजारीन आंधळी असली तं?” तिनं विचारलं. सिस्टर म्हणाल्या, “मंग अळनी खाचं.” त्या दिवसापासून बायको त्यांच्या ताटावरची नजर हलवायची नाही.

दुसऱ्यासाठी मागताना त्यांना लाज म्हणून नव्हती. टिनाखाली आमची पोरं मार्चपासून भाजून निघायची. सिस्टरनी मला अकोल्याला नेलं, एका डाळ मिलच्या शेठजींकडं. शेठजींनी आधी पाणी, मग चहा, मग आपल्या अडचणी पुढं केल्या. सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “बरं. कूलर कवा देतं?” शेठजींनी पुन्हा अडचणी सांगितल्या. तेवढ्यात आतून त्यांची बायको आली. सिस्टरना पाहताच ती भारी साडीतली पन्नाशीची बाई हात मागं बांधून सरळ उभी राहिली, शाळेत राहायची तशी. शेठजी एकदा बायकोकडं, एकदा सिस्टरकडं पाहत राहिले. कूलर आमच्या आधी परतवाड्यात पोचले.

त्यांच्या संघाची एक शाळा अकोल्याकडं, एक अमरावतीत, आणि बाकीच्या कुठं कुठं याचा सिस्टरनाही पुरता पत्ता नव्हता. एकदा बडनेऱ्याच्या स्टेशनात आम्ही उभे होतो. मेळघाटात आजारी पोरं तपासायला आलेली एक परदेशी डॉक्टरीण प्लॅटफॉर्मवरून सामान ओढत चालली होती. तिचं डावं बोट भिंतीला होतं. सिस्टर तिथूनच ओरडल्या, “स्कूल? विच स्कूल?” ती थबकली. दोन मिनिटांनी त्या दोघी हातात हात घालून शाळेचं गाणं म्हणत होत्या. शब्द दोघींच्या वेगळ्या भाषेतले, चाल एकच. हमाल सामान खाली ठेवून ऐकत उभे. गाडी आली तेव्हा डॉक्टरणीला आपण इथं कशासाठी आलो आहोत ते आठवायला थोडा वेळ लागला. मी माळ्याचा पोर, सागाच्या भुशात शाळा चालवणारा. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की आपणही कुठल्यातरी लांबलचक रांगेत उभे आहोत. नकलून का होईना.

मागल्या वर्षी दिवाळीनंतर सिस्टरनी एका पोराची पेन्सिल तासत तासत पार संपवून टाकली. हातात नुसता चुरा राहिला. त्यांनी त्याच्याकडं पाहिलं आणि दुसरी घेतली. बायकोनं ते टिपलं. तिनं विचारलं तेव्हा सिस्टर म्हणाल्या, संघाच्या जगभरच्या प्रमुख, मदर, भारतात येणार आहेत. कोणी कुठं जायचं ते ठरणार आहे. दक्षिणेत समुद्राकाठी त्यांचं एक मोठं घर आहे, तिथं नव्या मुलींना सिस्टर होण्याचं शिक्षण देतात. मला तिकडं बोलावतील असं दिसतं.

“तुमाले जाचं हाय का?” बायकोनं विचारलं.

“ते विचाराचंच नाही ना पोरी.”

“मी विचारून राहिली.”

सिस्टर पेन्सिल तासत राहिल्या. मग म्हणाल्या, “तुमची माती काळी हाय. पाय धरते.” एवढंच. पण आम्हाला दोघांनाही कळलं. ज्या बाईनं अकोल्याच्या शेठजींकडून कूलर काढले, तिला एक वाक्य मदरना म्हणायचं होतं, आणि तेच तिला म्हणता येणार नव्हतं. बदली झाली की त्यांच्यात निरोपसुद्धा नसतो. सकाळी हुकूम येतो, दुपारच्या गाडीनं निघायचं. पोरांना सांगायचं नाही. पोरं रडतात, मग पाय निघत नाही.

मदर अमरावतीत आल्या. शाळा पाहिली, सगळ्या सिस्टरना भेटल्या, आणि मग त्यांनी आमच्या सिस्टरना विचारलं, तुम्ही शनिवारी कुठं जाता? अशा रीतीनं त्या परतवाड्याला आल्या, आरा मशीनमध्ये. उंच, भरदार, आफ्रिकेतल्या, सिस्टरपेक्षा वयानं पुष्कळच लहान. मी इंग्रजीत स्वागत केलं. मदरचं इंग्रजी मला निम्मं कळत होतं आणि माझं त्यांना किती कळत होतं ते त्याच जाणोत.

मी त्यांना शेडच्या कडेनं वर्ग दाखवत होतो. पोरं पाणी प्यायला रांगेनं चालली होती, बोट टिनाला लावून. मदर माझ्याशी बोलता बोलता चालत होत्या, आणि बोलणं न थांबता त्यांचा डावा हात बाहेर गेला आणि बोट टिनाला टेकलं. पाचसहा पावलांनी त्यांच्याच ते ध्यानात आलं. त्या थांबल्या आणि मागं वळून सिस्टरकडं पाहिलं.

“इथं भिंत आहे, मदर,” सिस्टर इंग्रजीत म्हणाल्या.

मदर मोठ्यांदा हसल्या. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. झाडाखाली हवेला बोट लावून चालणाऱ्या पोरांत ही एक होती. सिस्टरनी तिला पेन्सिल धरायला शिकवली होती, आणि आता सिस्टरनी कुठं जायचं ते ती सांगणार होती. याबद्दल सिस्टर आमच्याकडं एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

जेवायला घरी भाकर, वांग्याची भाजी, ठेचा आणि वरणभात होता. मदरनी ठेचा खाल्ला आणि डोळे पुसून पुन्हा घेतला. बायको डाव हातात धरून उभी होती. ती एकदम म्हणाली, “सिस्टर, यायले माह्यं एक सांगा.”

“काय सांगू?”

“सांगा का आमच्या सिस्टरले नेऊ नका. इथंच राहू द्या.”

सिस्टरचा घास हातातच राहिला. “हे मी कशी सांगू पोरी?”

“तुमीच म्हनता ना, भाषांतर करनाऱ्यानं काही टाकू नये अन् काढू नये. हे मी म्हनून राहिली, तुमी नाही. सांगा.”

मी बायकोला डोळ्यांनी दटावलं. तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही. सिस्टरनी घास ताटात ठेवला, हात पुसले, ताठ बसल्या, आणि समोरच्या भिंतीकडं पाहत, हजेरी घ्यावी तशा आवाजात इंग्रजीत म्हणाल्या, “या बाई म्हणतात, आमच्या सिस्टरला नेऊ नका. इथंच राहू द्या.” एक शब्द जास्त नाही की कमी नाही.

मदर जेवायच्या थांबल्या. मलाही कळेल इतक्या सावकाश त्यांनी विचारलं, “आणि सिस्टर काय म्हणतात?”

“सिस्टरना कोणी विचारलेलं नाही, मदर. त्या फक्त भाषांतर करताहेत.”

मदरनी खुर्ची बायकोकडं वळवली. मग बोलायला लागल्या ते बराच वेळ बोलल्या, हळू आवाजात, सिस्टरकडं न पाहता बायकोकडं पाहत. माझ्या कानाला मधले मधले शब्द लागत होते. सिस्टर खाली मान घालून ऐकत होत्या.

“काय म्हनून राहिल्या जी त्या?” बायकोला धीर निघेना.

“मदर म्हनते,” सिस्टरनी सुरुवात केली, “मी लहान होती. एक दिवस सकाळी शाळेत आली तं झाडाखाली दुसरीच सिस्टर उभी. आमची सिस्टर कुठं गेली ते कोनं सांगतलं नाही.” त्या थांबल्या. “मदर म्हनते, आमी पोट्टे रोज रस्त्यापर्यंत जाऊन पाहो. लय दिवस पाहो.”

पुन्हा थांबल्या. पाणी प्यायल्या.

“हे मले मालूम नव्हतं,” त्या म्हणाल्या, आणि लगेच बायकोकडं वळून, “हे मदर नाही म्हनत. हे मी म्हनून राहिली.”

सिस्टरनी मदरकडं पाहिलं, मदरनी मान हलवली, तशा त्या पुढं सांगू लागल्या. “मदर म्हनते, तवा कोनी मांगितलं असतं का आमची सिस्टर नेऊ नका, अन् तवाच्या मदरनं आयकलं असतं, तं हे बाई तुमच्याकडं आलीच नसती. तिथंच राहिली असती झाडाखाली. आता तिकडं नव्या पोरी आल्या. उद्या त्या कुठं कुठं जातील, जिथं शाळा नाही, भिंत नाही. त्यायले शिकवाले अशी कोनी पायजे जिनं हे सारं केलं.”

“मंग?” बायकोनं विचारलं.

“मंग मदर म्हनते, नाही.”

तो ‘नाही’ही त्यांनी साखर न लावता दिला. मी आयुष्यात पुष्कळ नकार ऐकले आहेत, पण ज्याचं नुकसान व्हायचं त्यालाच तो पोचवायला लागला असा दुसरा पाहिला नाही. आणि खरं सांगायचं तर मदरचा राग करावा म्हटलं तरी करता येईना. त्यांचं बोलणं बरोबर होतं. एका गावची पोरं रस्त्याकडं पाहत राहिली म्हणून दुसऱ्या गावाला सिस्टर मिळाल्या होत्या, आणि ते दुसरं गाव आमचं होतं.

बायकोनं डाव भातात खोचून ठेवला. डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाली, “त्यायले म्हना, बरं हाय. न्या. पन या बारीनं चोरून नेऊ नका. सांगून न्या. आमच्या पोट्ट्यायले रस्त्याकडं पाहाले लावू नका.”

सिस्टरनी सांगितलं. मदर उठल्या, उष्ट्या हातानंच टेबलाला वळसा घालून आल्या आणि बायकोच्या खांद्यावर कोपर ठेवून उभ्या राहिल्या. दोनच शब्द बोलल्या.

“मदर म्हनते, ठीक हाय,” सिस्टर म्हणाल्या.

असा निरोप सिस्टरना कधी मिळाला नव्हता, म्हणून तो घ्यायचा कसा ते त्यांना येत नव्हतं. भावानं शेतातल्या शेवंतीचा हार केला होता. तो गळ्यात पडल्यावर त्यांना हात कुठं ठेवावेत ते कळेना. पालक आले होते, शिक्षिका रडत होत्या. सिस्टर प्रत्येक पोराशी हात मिळवत गेल्या आणि प्रत्येकाला काहीतरी सुनावत गेल्या. तुझं अक्षर घाण हाय, सुधर. तू लय चांगली गाते, पन डबा पुरता खात जाय. मग त्या सगळ्यांपुढं उभ्या राहिल्या.

“आयका बे,” त्या म्हणाल्या. “मी चालली. येत्या शनिवारी मी येनार नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीबी येनार नाही. कोनी रस्त्याकडं पाहाचं नाही.”

“त्याच्या पुढच्या?” पहिलीतल्या एका पोरीनं विचारलं.

“त्याच्याबी नाही,” सिस्टर म्हणाल्या.

पोरं रडली. आवाज करून रडली. सिस्टर छत्रीवर रेलून ते रडणं सगळं ऐकून घेत उभ्या राहिल्या, आणि कोणालाही गप्प बस म्हणाल्या नाहीत.

अमरावतीच्या शाळेची जीप आली होती. सिस्टर पुढं ड्रायव्हरशेजारी बसल्या, छत्री गुडघ्यांत धरून. म्हणाल्या, “जातो मंग.”

“जातो नाही म्हनत जी आपल्याकडं,” बायको खिडकीशी जाऊन म्हणाली. “येतो म्हना.”

“येतो म्हटलं तं या लागते. मले कोन येऊ देते? खोटं काहून बोलू?”

बायको खिडकीपासून मागं सरली. ड्रायव्हरनं गाडी चालू केली. जीप थोडी पुढं गेली आणि थांबली. सिस्टरनी डोकं बाहेर काढून मागं पाहिलं. बायको धावत खिडकीशी गेली, मी तिच्या मागोमाग.

“पोरी,” सिस्टर म्हणाल्या, “तुमी या.”

“हो जी, समुद्र कवा पाहिलाच नाही आमी...”

“समुद्र पाहाले नाही. मले पाहाले या.”

बायकोनं मान हलवली. ड्रायव्हर माझ्याकडं पाहत होता, जाऊ का म्हणून. सिस्टरनी त्याच्या हातावर हात ठेवून त्याला थांबवलं.

“मान नको हालवू. तोंडानं म्हन.”

“येतो जी,” बायको म्हणाली.

सिस्टरनी ड्रायव्हरचा हात सोडला, आणि जीप निघाली.